माकासाए भाषेशी ओळख कशी करून घ्यावी : कोल्हापुरात बसून अभ्यास करणाऱ्यांसाठी

माकासाए ही तिमोर-लेस्त, म्हणजे पूर्व तिमोर, या देशाच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात बोलली जाणारी भाषा आहे. ती मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे एक लाख किंवा त्याहून थोडे अधिक लोक आहेत. २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात असलेल्या कोल्हापूर शहराचा हा जेमतेम पाचवा हिस्सा होतो. तरीही साधारण १३ लाख लोकवस्तीच्या त्या देशात ती मोठ्या भाषांपैकी एक मानली जाते. आपल्याकडे तिचा शिक्षक नाही, वर्ग नाही, मराठीतून लिहिलेले पुस्तकही नाही. मग कोल्हापुरात राहून तिची ओळख करून घ्यायची तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे फसगत होते, हे येथे लिहीत आहे. आमची चार जणांची एक रविवारची बैठक गेल्या पावसाळ्यापासून या भाषेमागे लागली आहे. पुढील बहुतेक सूचना त्या बैठकीत झालेल्या चुकांमधून सुचल्या आहेत.

आधी अपेक्षा ठरवून घ्यावी. तीन-चार महिन्यांच्या रविवारच्या अभ्यासातून माकासाए बोलता येणार नाही. मात्र भाषेची घडण समजेल, दीडदोनशे शब्द ओळखीचे होतील आणि त्या समाजातील एखादी व्यक्ती भेटलीच तर तिला शहाणपणाचे प्रश्न विचारता येतील. इतके पदरात पडले तरी मी समाधान मानतो.

नावाचा घोळ

पहिला अडथळा नावातच आहे. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर मकासर नावाचे मोठे बंदर आहे आणि तेथील लोकांची मकासरी ही स्वतंत्र भाषा आहे. तिचा माकासाएशी कुळाचा संबंध नाही. ती ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलय-इंडोनेशियन वगैरे भाषांच्या, कुळातील आहे. नावांच्या सारखेपणामुळे आम्ही पहिले दोन आठवडे मकासरीच्या शब्दयाद्या उतरवून काढल्या आणि एकही शब्द दुसऱ्या साधनाशी जुळेना तेव्हा आमचे डोळे उघडले. हे टाळण्यासाठी भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकाचा आधार घ्यावा. माकासाएचा संकेतांक 'एमकेझेड' असा आहे, तर मकासरीचा 'एमएके'. कोणतेही साधन हाती आले की आधी हा संकेतांक किंवा देशाचे नाव तपासावे.

रोमन लिपीतील लेखनही एकसारखे नाही. पोर्तुगीज वळणाने लिहिणारे 'के'ऐवजी 'सी' घालतात, जुने मानववंशशास्त्रज्ञ मध्ये दोन 'एस' लिहितात, आणि शेवट कोणी 'एई' तर कोणी 'एआय' असा करतात. ग्रंथालयाच्या सूचीत शोध घेताना ही सगळी रूपे एकेक करून टाकून पाहावीत. कोल्हापुरात या विषयाचे छापील साहित्य मिळण्याची आशा बाळगू नये, पण करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात भाषाकुळांविषयीचे आणि आग्नेय आशियाविषयीचे सामान्य ग्रंथ चाळायला मिळतात, आणि सुरुवातीला त्यांचीच गरज जास्त असते.

नकाशा हाताने काढावा

छापील नकाशा पाहण्यापेक्षा एक नकाशा स्वतः काढावा. राजधानी दिलीपासून पूर्वेला साधारण १२० किलोमीटरवर बाउकाउ हे देशातील दुसरे महत्त्वाचे शहर आहे. त्याच्या पूर्वेला किनाऱ्यालगत लागा, आत डोंगरात केलिकाय आणि बागिया, दक्षिणेला वेनिलाले आणि पुढे व्हिकेके जिल्ह्यातील ओसू ही ठिकाणे मांडावीत. दोन हजार मीटरहून उंच असलेला मातेबियान हा पर्वत मध्यभागी दाखवावा. देशभर चालणाऱ्या टेटुम भाषेत त्याच्या नावाचा अर्थ मृतांचे आत्मे असा आहे. १९७८ साली इंडोनेशियाच्या फौजांनी या पर्वताला वेढा घालून बॉम्बवर्षाव केला, त्या वेळी हजारो लोक त्याच्या आश्रयाला गेले होते. २०१२ ते २०१७ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष असलेले ताउर मातान रुआक यांचा जन्म याच परिसरातील बागिया भागातला.

आता दोन रंगांच्या शाया घ्याव्यात. माकासाए, तिच्या पूर्वेची फातालुकू, इलिओमार भागातील माकालेरो आणि दूर पश्चिमेला सरहद्दीजवळची बुनाक या भाषा एका रंगाने लिहाव्यात. या पापुअन, म्हणजे न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरील ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या, भाषांत मोडतात आणि त्यांचे नाते अलोर आणि पंतार या बेटांवरील भाषांशी जोडले जाते. वाइमाआ, नाउएती, काइरुई आणि टेटुम या ऑस्ट्रोनेशियन भाषा दुसऱ्या रंगाने लिहाव्यात. नकाशा पुरा झाला की एक गोष्ट कोणी न सांगता कळते : दोन निराळ्या कुळांतील भाषा शतकानुशतके एकाच डोंगरउतारावर, एकाच बाजारात, एकमेकींच्या दारात नांदत आल्या आहेत. कोल्हापूरकराला हे चित्र परके वाटू नये. निपाणी-गडहिंग्लजकडच्या एखाद्या घरात सकाळी मराठी आणि संध्याकाळी कन्नड ऐकू येते, आणि अक्का, अण्णा, तूप हे शब्द आपण कोठून घेतले याचा विचारही आपल्या मनात येत नाही. माझ्या मते माकासाएच्या अभ्यासात मराठी माणसाचे खरे भांडवल हेच आहे. इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकेचा वाचक जेथे अडखळतो अशा दोनतीन ठिकाणी आपल्याला वाट मोकळी सापडते.

उच्चार देवनागरीत टिपताना

वहीत शब्द देवनागरीत लिहावेत. माकासाएत अ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर आहेत. ख, घ, थ, ध यांसारखे महाप्राण नाहीत आणि आपला ट-वर्गही नाही. त्यामुळे अक्षरांचा तुटवडा कधी पडत नाही. अडचण दोनच ठिकाणी येते. 'फ' लिहिला की आपण तो 'फळ'मधला वाचतो. तेथे 'फाईल'मधला ओठदंत्य 'फ' अभिप्रेत आहे, म्हणून आम्ही त्याखाली एक टिंब देतो. दुसरी अडचण कंठातल्या अडकणीची. 'दोन' या अर्थाचा 'लोला'ए' हा शब्द 'लोलाए' असा घरंगळत म्हणायचा नाही. 'ला'नंतर घसा क्षणभर बंद होतो आणि मग 'ए' सुटतो. रांगणारे मूल चुलीकडे निघाले की आजी "अ' अ'" असे तुटक दटावते, त्या दोन अ-कारांमध्ये जे होते तेच येथे होते. हे चिन्ह वहीत गाळले तर शब्द चुकलाच असे समजावे.

'आपण' आणि 'आम्ही' यांपासून सुरुवात

बहुतेक जण अनोळखी भाषेची सुरुवात नमस्कार आणि आभार यांनी करतात. माकासाएची सुरुवात सर्वनामांनी करावी असा माझा आग्रह आहे. 'आनी' म्हणजे मी. 'फि' आणि 'इनी' या दोहोंचेही इंग्रजी भाषांतर एकाच शब्दाने होते, पण 'फि' म्हणजे आपण आणि 'इनी' म्हणजे आम्ही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे की वगळून, हा भेद माकासाएत सर्वनामातच पक्का बसलेला आहे. ज्यांच्या भाषेत हा भेद नाही त्यांना तो समजावून सांगायला व्याकरणकारांना एक परिच्छेद खर्ची घालावा लागतो. आपल्याला एक ओळ पुरते.

हे नुसते वाचून सोडू नये, करून पाहावे. बैठकीत एकाने दुसऱ्याला फोन लावल्याचे सोंग घ्यावे आणि म्हणावे, "रविवारी आम्ही पन्हाळ्याला जाणार आहोत." मग तेच वाक्य "आपण" घालून म्हणावे. पहिल्या वाक्याने ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, दुसऱ्याने तो डबा कोणी आणायचा हे विचारू लागतो. आता प्रत्येक मराठी वाक्यात 'आम्ही'च्या जागी 'इनी' आणि 'आपण'च्या जागी 'फि' घालून दहा मिनिटे बोलावे. वाक्य अर्धे मराठी आणि अर्धे माकासाए होते, हसू येते, पण तो भेद पुन्हा विसरला जात नाही. आमच्यातील गडहिंग्लजच्या सभासदाने येथे एक चांगला मुद्दा काढला : मराठीत हा भेद द्राविडी शेजारामुळे आला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात आणि तेलुगूत 'मेमु' व 'मनमु' असा तो आजही आहे, पण घरी बोलल्या जाणाऱ्या कन्नडात मात्र 'नावु' या एकाच शब्दावर दोन्हींचे भागते. म्हणजे शेजाऱ्याकडून उसने घेतलेले आपण जपले आणि जवळच्या शेजाऱ्याने ते सोडून दिले.

टेटुममध्येही असेच दोन शब्द आहेत : 'इता' म्हणजे आपण आणि 'आमी' म्हणजे आम्ही. कोल्हापुरी बोलीतला 'आमी' आणि टेटुमचा 'आमी' अर्थानेही तंतोतंत जुळावेत हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून नाते जोडायला जाऊ नये. लक्षात ठेवायला मात्र त्याचा उपयोग जरूर करावा.

'फि'चा एक वापर तिमोरच्या राजकारणातही उतरला आहे. देशाच्या पूर्व भागातील लोकांना 'फिराकू' आणि पश्चिमेकडच्यांना 'कालादी' म्हणण्याची जुनी रीत आहे. 'फिराकू' हा शब्द माकासाएतील 'फि' म्हणजे आपण आणि 'राकू' म्हणजे नातलग यांपासून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. २००६ साली दिलीत पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असा संघर्ष पेटला तेव्हा हे शब्द शिवीसारखेही वापरले गेले. म्हणून ते समजून घ्यावेत, पण स्वतः कोणाला उद्देशून वापरू नयेत.

अंक, आणि उसनवारी कशी ओळखावी

एक ते दहा हे अंक एका पानावर दोन रकान्यांत लिहावेत. माकासाएत ते असे : ऊ, लोला'ए, लोलितू, लोलोहा, लिमा, दाहो, फितू, आफो, सिवा, रुरुऊ. शेजारी टेटुमचे लिहावेत : इदा, रुआ, तोलू, हात, लिमा, नेन, हितू, उआलू, सिआ, सानुलू. आता जोड्या लावाव्यात. पाच दोन्हीकडे एकच आहे. सातला 'फितू' आणि 'हितू', नऊला 'सिवा' आणि 'सिआ'. एक ते चारमध्ये मात्र काहीच जुळत नाही. लहान आकडे घरचे राहिले आणि वरचे काही ऑस्ट्रोनेशियन शेजाऱ्यांकडून आले, हे या एका पानावर स्पष्ट दिसते. दहाच्या 'रुरुऊ'मध्ये शेवटी एकाचा 'ऊ' बसला आहे, हेही नजरेतून सुटू देऊ नये.

वाक्यरचनेवर फार वेळ घालवू नये, कारण आपल्याला तो लागत नाही. माकासाएत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा क्रम आहे, म्हणजे "मी पाणी पितो" या वाक्याचा आपलाच क्रम. टेटुममध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, त्यामुळे खरी कसरत टेटुम शिकताना होते. माकासाएत लिंगभेद नाही, आणि क्रियापदाला आपल्यासारखे पुरुष, वचन, लिंग यांचे प्रत्यय लागत नाहीत. जातो-जाते-जातात हा सगळा पसारा तेथे नाही. पुढे खोलात जायचे असेल तर ज्युलिएट ह्यूबर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेले या भाषेचे संक्षिप्त व्याकरण मिळवावे. ते इंग्रजीत आणि भाषाशास्त्राच्या परिभाषेत आहे, म्हणून वरील तयारी झाल्यावरच हाती घ्यावे.

शब्दयादी करताना एक सावधगिरी. आपल्याकडे 'माता' म्हणजे आई, इंडोनेशियनमध्ये 'माता' म्हणजे डोळा, आणि माकासाएत 'माता' म्हणजे मूल. आमच्या वहीत हे तिन्ही अर्थ एकाच ओळीत आले होते आणि कोणता कोठला हे शोधण्यात एक अख्खी सकाळ गेली. प्रत्येक शब्दापुढे भाषेचे आद्याक्षर लिहिण्याची सवय तेव्हापासून लागली.

घर आणि सोयरीक

भाषेइतकाच वेळ समाजरचनेला द्यावा, कारण माकासाएतील नात्यांचे शब्द त्याशिवाय उलगडत नाहीत. 'ओमा' म्हणजे घर. 'ओमा फालू' म्हणजे कुळाचे पवित्र घर. तेथे पूर्वजांच्या वस्तू ठेवलेल्या असतात आणि कुळाची माणसे विधींसाठी एकत्र येतात. टेटुममध्ये यालाच 'उमा लुलिक' म्हणतात. 'फालू' किंवा 'लुलिक' यांचे भाषांतर नुसते 'पवित्र' असे केल्यास अर्धा अर्थ निसटतो. जे पवित्र आहे आणि म्हणूनच ज्याला सहज हात लावायचा नाही, असा त्याचा भाव आहे. 'सोवळे' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो, जरी त्यातील जातीचा वास येथे गैरलागू आहे. बहुसंख्य माकासाए लोक कॅथलिक आहेत आणि बाउकाउ येथे १९९६ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. तरी पवित्र घराचे स्थान ढळलेले नाही. इंडोनेशियाच्या राजवटीत उद्ध्वस्त झालेली अशी अनेक घरे स्वातंत्र्यानंतर देशभर पुन्हा बांधली गेली.

शेपर्ड फोरमन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात, म्हणजे डिसेंबर १९७५ मधील इंडोनेशियाच्या आक्रमणाच्या आधी, माकासाए लोकांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांच्या लेखनात दोन शब्द सतत येतात : 'ओमाराहे' आणि 'तुफुमाता'. मुलगी देणारी कुळे ती ओमाराहे आणि मुलगी करून घेणारी ती तुफुमाता. 'तुफू' हा स्त्री किंवा बहीण या अर्थाचा आणि 'माता' हा मूल या अर्थाचा शब्द. म्हणजे मुलगी नेणारे कूळ हे देणाऱ्यांच्या दृष्टीने 'बहिणीची लेकरे' ठरते, आणि मान देणाऱ्यांचा मोठा असतो. हे संबंध पिढ्यानपिढ्या त्याच दिशेने चालावेत, म्हणजे ज्या कुळातून आई आली त्याच कुळातून सून यावी, असा परंपरेचा कल आहे.

हे कागदावर किचकट वाटते. आपल्या घरावरून पाहिले तर वाटत नाही. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या भागात होती आणि काही घरांत अजून आहे. एका कागदावर आपले आजोळ, आपले घर आणि आपल्या बहिणीचे सासर अशी तीन घरे काढावीत. आजोळाकडून आपल्या घराकडे आणि आपल्या घराकडून बहिणीच्या सासराकडे बाण काढावा. आजोळ आपले ओमाराहे, बहिणीचे सासर आपले तुफुमाता. एकच घर एकाचे देणारे आणि दुसऱ्याचे घेणारे असते, हे या बाणांवरून लगेच कळते.

त्यानंतर देवाणघेवाण. येथे आपली हुंड्याची कल्पना बाजूला ठेवावी लागते, कारण मोठा भार मुलगी नेणाऱ्यांवर असतो. त्यासाठी मराठीतील 'देज' हा जुना शब्द वापरावा. घेणारे म्हशी, घोडे, तलवारी देतात. देणारे उलट तैस नावाचे हातमागाचे कापड, डुकरे, मण्यांच्या माळा देतात. या सर्व व्यवहाराला देशभर 'बारलाके' म्हणतात. लग्नाच्या दिवशी तो संपत नाही. मयताच्या वेळी, पवित्र घर बांधताना, प्रत्येक मोठ्या प्रसंगी दोन्ही बाजूंनी ठरलेल्या वस्तू येत-जात राहतात, म्हणून त्याला 'मुलीची किंमत' म्हणणे चुकीचे ठरते. या प्रथेचा ताण गरीब घरांवर पडतो आणि स्त्रियांच्या स्थितीवरही तिचा परिणाम होतो, अशी टीका तिमोरमध्येच होते. आपण बाहेरून निवाडा देण्याआधी ती टीका त्यांच्याच तोंडून ऐकावी.

पाण्याविषयी थोडेसे. 'इरा' म्हणजे पाणी. बाउकाउचे पठार चुनखडीचे आहे, पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने फुटते. त्या झऱ्यांवर भातखाचरे पोसली जातात आणि झऱ्यांचे मान व विधी विशिष्ट कुळांकडे असतात.

टेटुमचा पूल

माकासाएचे साहित्य थोडे असल्यामुळे टेटुमचे प्राथमिक ज्ञान मिळवावेच लागते. २००२च्या राज्यघटनेने टेटुम आणि पोर्तुगीज यांना राजभाषा केले आणि इतर राष्ट्रीय भाषांचे संवर्धन राज्याने करावे असे म्हटले. मातृभाषेतून शिक्षणाच्या प्रायोगिक योजनेसाठी मात्र फातालुकू, गालोली आणि बाइकेनू या तीन भाषा निवडल्या गेल्या, माकासाएची निवड झाली नाही. त्यामुळे माकासाए मूल घरी एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा वापरते. टेटुममध्ये पोर्तुगीज शब्दांचा भरणा आहे, आणि त्यांतले काही गोव्याच्या वाटेने आपल्याकडेही आले आहेत : चावीला 'शावी', पावाला 'पाउन', अननसाला 'आइनानास'. तिमोरचा कारभार दीर्घकाळ गोव्यातून पाहिला जात असे, हे कळले की याचे नवल वाटत नाही.

प्रत्यक्ष बोलण्याचा योग आला तर

ओळखीतून एखादी माकासाए व्यक्ती फोनवर बोलायला तयार झाली, तर वेळ सांभाळावी. तिमोरचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. कोल्हापुरात संध्याकाळी सात वाजता आपण निवांत होतो, तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असतात आणि खेड्यातली माणसे झोपलेली असतात. रविवारी सकाळी मिसळ खाऊन येऊन नऊला फोन लावला तर तिकडे दुपारचे साडेबारा होतात, ती वेळ बरी. तीही दुपारच्या जेवणाची असू शकते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

नावाने हाक मारू नये. टेटुममध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला 'माउन' आणि स्त्रीला 'माना' म्हणतात, म्हणजे आपले दादा आणि ताई. वय जास्त असेल तर 'तिउ' आणि 'तिआ', म्हणजे काका आणि काकू. पहिल्याच बोलण्यात १९७५ ते १९९९ या इंडोनेशियन राजवटीच्या काळाविषयी विचारू नये. बहुतेक प्रत्येक घरात त्या वर्षांतले कोणीतरी गेलेले आहे; सांगायचे असेल तेव्हा ते आपणहून सांगतात. पवित्र घरात म्हटले जाणारे शब्द मागू नयेत, कारण ते बोलण्याचा अधिकार कुळातील ठरावीक व्यक्तींनाच असतो. त्याऐवजी आपल्या वहीतील दहा अंक म्हणून दाखवावेत आणि चुका सुधारून मागाव्यात. आम्ही हे केले तेव्हा पलीकडच्या बाईंनी आमचा 'लोला'ए' चार वेळा म्हणवून घेतला, पाचव्या वेळी मान्य केला आणि मग मागे बसलेल्या कोणाला तरी हाक मारून तो पुन्हा म्हणायला लावला. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास परवानगी आधी घ्यावी, मुद्रण कोणाला ऐकवणार ते सांगावे, आणि एक प्रत त्यांना पाठवावी.